गुरूच्या पोटातला ‘गॅस’ आणि त्याच्या चंद्रांवरचा बर्फ

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका देवळाच्या पटांगणात आम्ही एप्रिलमध्ये दुर्बीण लावली होती, तेव्हा तू विचारलेला प्रश्न माझ्याकडे अजून उधार आहे. तू बराच वेळ गुरू पाहिलास, मग बाजूला होऊन म्हणालीस, “सर, हा नुसता गॅसचा गोळा, तर यान या बाजूने आत घालून त्या बाजूने बाहेर का काढत नाहीत? बाजूचे हे ठिपके बर्फाचे कशावरून? आणि आत काय आहे ते बघून आलंय कोण?” तुझ्यामागे चाळीसेक माणसं रांगेत होती. तेवढ्यात तुझ्या धाकट्या भावानेही विचारून घेतलं, “तो बर्फ खाता येतो?” मी ‘लिहून पाठवतो’ म्हटलं आणि पुढच्या आजोबांना स्टुलावर चढवलं.

आता आषाढ लागलाय. गोव्यात दुर्बीणवाल्याला जून ते सप्टेंबर सक्तीची सुट्टी. आठ इंची आरसा सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात बंद आहे. एका पावसाळ्यात त्या पुड्या बदलायचा कंटाळा केला होता. ऑक्टोबरात डबा उघडला तर आरशावर बुरशीची वेलबुट्टी. असो. लिहायला वेळच वेळ आहे, तेव्हा सविस्तर लिहितो.

बाय, निम्मा घोळ शब्दांनीच केलाय. ‘गॅस जायंट’ हा शब्द कुणी मोजमाप करून ठरवलेला नाही. १९५२ साली एका अमेरिकन विज्ञानकथालेखकाने तो वापरला आणि पुढे चिकटून बसला. ग्रहांचा अभ्यास करणारे लोक ‘गॅस’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हायड्रोजन आणि हेलियम असतो. ‘बर्फ’ म्हणजे पाणी, अमोनिया, मिथेन ही मंडळी. ‘खडक’ म्हणजे सिलिकेट आणि लोखंड. ही पदार्थांची नावं आहेत, अवस्थेची नव्हेत. डिसेंबरात पहाटे तुमच्याकडे खोबरेल थिजतं ना? बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही, पण आई ‘तेल दे’ असंच म्हणते. तसंच हे. गुरूतला बहुतेक ‘गॅस’ आपण ज्याला गॅस म्हणू तसा नाही, युरेनसमधला ‘बर्फ’ हजारो अंश तापलेला आहे, आणि चंद्रांवर जो खरोखर बर्फ आहे तो तिथल्या थंडीत खडकाचं काम करतो. एवढं डोक्यात ठेवलंस की पुढचं सोपं जाईल.

कच्चा माल कोणता होता ते आधी बघू. सूर्य आणि ग्रह ज्या ढगातून झाले त्यातला एक किलो माल तागडीत घातला असं समज. पाऊण किलोला थोडा कमी हायड्रोजन, पाव किलोला थोडा जास्त हेलियम. उरले जेमतेम पंधरा ग्रॅम. त्या पंधरा ग्रॅममध्ये तू, मी, सह्याद्री, खाणीतलं लोखंड, सगळं आलं. आणि त्यातही सर्वांत जास्त वाटा कुणाचा? ऑक्सिजनचा. हायड्रोजन मुबलक आणि त्याच्या खालोखाल मिळणारा, संयुगं बनवणारा ऑक्सिजन. दोघांचं जमलं की पाणी. हेलियम कुणाशी बोलतच नाही, म्हणून तो बाजूला. तेव्हा विश्वात पाणी दुर्मीळ आहे ही समजूत सोडून दे. सूर्यमालेत दुर्मीळ काय असेल तर ते वाहतं, उघडं पाणी.

हेलियमचा विषय निघालाच आहे तर जवळचं सांगतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा आपल्या उत्तरेला विजयदुर्गाच्या बाजूने देशात शिरला आणि जमखंडी, गुंटूर, मछलीपट्टणम करत पूर्वेला गेला. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि हेलियम तिथे सापडला असं सांगतात. मी मुलांना घेऊन गेलोय, ओटे बघण्यासारखे आहेत. पण हेलियमची खूण असलेली सूर्यप्रकाशातली पिवळी रेषा ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, इंग्लंडमधूनच टिपली, आणि ती नव्या मूलद्रव्याची असावी हा तर्क पुढे आला. पृथ्वीवर हेलियम हाती लागायला १८९५ उजाडलं. गुरूमधला हेलियम नेमका किती हे तर १९९५ मध्ये प्रत्यक्ष उडी मारून मोजलं. ती उडीच तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे.

७ डिसेंबर १९९५ ला गॅलिलिओ यानाने सोडलेली कुपी गुरूच्या वातावरणात घुसली. वेग सेकंदाला सत्तेचाळीस किलोमीटरच्या वर. म्हणजे पत्रादेवी ते पोळे, अख्खा गोवा, दोन-अडीच सेकंदांत. सुरुवातीच्या झटक्यात तिच्यावर पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या दोनशे पटींहून जास्त ताण आला. मग उष्णतेची ढाल टाकून, पॅराशूट उघडून ती सावकाश खाली जाऊ लागली. ढगांच्या वरच्या थरात उणे शंभर अंशांच्याही खाली असलेलं तापमान वाढत वाढत दीडशे अंशांवर गेलं, दाब आपल्या हवेच्या बावीस पट झाला आणि तासाला दोनेक मिनिटं कमी असताना कुपी गप्प झाली. तोवर ती किती खोल गेली होती? दीडशे किलोमीटरच्या आसपास. आणि गुरूचा व्यास आहे एक लाख चाळीस हजार किलोमीटर. आंब्याची सालसुद्धा धड टोचली गेली नाही. पुढे काय झालं असेल त्याचा हिशोब लोकांनी मांडला आहे: आधी पॅराशूट वितळलं, मग ॲल्युमिनियमचे भाग, शेवटी टायटॅनियमचं कवच. कुपीचे अणू आता गुरूचाच भाग झालेत.

कुपीने पाठवलेल्या आकड्यांत एक गंमत होती. पाणी अपेक्षेपेक्षा फारच कमी दिसलं. काही वर्षं लोक डोकं खाजवत बसले. मग लक्षात आलं की कुपी नेमकी एका कोरड्या, उघड्या पट्ट्यात पडली होती. म्हणजे कुणी ऐन जुलैत गोव्याला यावं, नशिबाने एक लख्ख दुपार मिळावी, आणि परत जाऊन ‘तिथे पाऊस पडत नाही’ असं लिहावं, तसला प्रकार. २०१६ मध्ये गुरूपाशी पोचलेल्या जुनो यानाने सूक्ष्मलहरी वापरून विषुववृत्तावर मोजलं, तेव्हा दर चारशे रेणूंमागे एक पाण्याचा निघाला. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण सूर्याच्या हिशोबाने हे प्रमाण जवळजवळ तिप्पट आहे.

समज, कधीच न वितळणारी एक कुपी तुझ्याकडे आहे. तिच्यात बसून तू आणखी खाली गेलीस तर समुद्र कुठे लागेल? लागणार नाही. मला या सगळ्या विषयात हाच भाग सर्वांत जास्त आवडतो, आणि शाळेच्या पुस्तकांत नेमका तोच गाळलेला असतो. भांड्यात पाणी उकळतं तेव्हा खाली पाणी, वर वाफ, मध्ये स्पष्ट पृष्ठभाग असतो. पण प्रत्येक पदार्थाचं एक तापमान असतं, त्याच्या वर गेलं की हा पृष्ठभागच नाहीसा होतो. कितीही दाबा, ‘इथवर वायू, इथून द्रव’ अशी रेघ उमटत नाही. हायड्रोजनसाठी ते तापमान आहे उणे २४० अंश. गुरूवर सगळीकडेच त्याहून जास्त ऊब आहे. त्यामुळे तू खाली जाशील तसतसा आजूबाजूचा हायड्रोजन दाट, आणखी दाट, पाण्यासारखा, पाण्याहून घट्ट होत जाईल, पण कुठल्याही क्षणी ‘आले, पोचले’ असं म्हणता येणार नाही. किनारा नाही, तळ नाही, लाट नाही.

दाब दहा लाख हवेच्या दाबांपलीकडे गेला की हायड्रोजन आणखी एक रूप घेतो. अणूंचे इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि तो धातूसारखा वीज वाहू लागतो. असं होईल हे विग्नर आणि हंटिंग्टन यांनी १९३५ मध्येच गणिताने सांगितलं होतं. गुरूचा मोठा भाग हा असा पातळ, वाहता धातू आहे. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, आत धातू घुसळला जातो, आणि त्यातून पृथ्वीच्या तुलनेत सुमारे वीस हजारपट ताकदीचं चुंबकत्व तयार होतं. हे चुंबकत्व लक्षात ठेव, चंद्रांकडे गेल्यावर पुन्हा लागणार आहे. तर यान आरपार का घालत नाहीत, याचं उत्तर हे: ज्याला तू गॅस म्हणतेस तो वितळलेल्या धातूचा, केंद्राजवळ वीसेक हजार अंश तापलेला महासागर आहे.

त्या महासागराच्या तळाशी दगडी गाभा आहे का? माझ्या कॉलेजच्या दिवसांत आकृतीत मध्ये ठळक काळा गोळा काढायचो, आंब्यातल्या बाठ्यासारखा, आणि पूर्ण गुण मिळायचे. जुनोने तो बाठा पुसून टाकला. यान गुरूजवळून जाताना आतल्या वजनाच्या कमीजास्तीप्रमाणे त्याचा वेग बदलतो, सेकंदाला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका, आणि रेडिओ लहरींच्या सुरात पडणाऱ्या फरकावरून तो मोजता येतो. त्यातून दिसलं की खडक-बर्फाचा माल मध्यभागी एकवटलेला नसून बऱ्याच दूरवर हायड्रोजनमध्ये मिसळत गेलाय. बाठा नाही, फणसातल्या चारखंडासारखं काहीतरी. असा जड माल एकंदरीत पृथ्वीच्या पंचवीस ते पंचेचाळीस पट असावा. गुरूचं वजन ३१८ पृथ्वींइतकं आहे, म्हणजे साधारण दहावा हिस्सा.

‘आत बघून आलंय कोण’ याचं उत्तर त्या रात्री तुझ्या डोळ्यांसमोर होतं. पुन्हा पाहशील तेव्हा गुरूचा आकार नीट बघ. तो गोल नाही. दोन्ही ध्रुवांकडून चेपलेला आहे. विषुववृत्ताकडचा व्यास ध्रुवांकडच्या व्यासापेक्षा नऊ हजार किलोमीटरने जास्त. इतका चेपटपणा आठ इंची दुर्बिणीतून सहज कळतो. ग्रह किती वेगाने फिरतो आणि त्यामुळे किती फुगतो, यावरून आत माल कसा वाटला गेलाय याचा अंदाज यानं जायच्या आधीपासून बांधला जात होता.

शनीची गोष्ट बरीचशी अशीच, फक्त माल कमी: वजन ९५ पृथ्वी. ‘शनी पाण्यात टाकला तर तरंगेल’ हे वाक्य तू दहा ठिकाणी वाचलं असशील. मला ते मुळीच आवडत नाही. सरासरी घनता ०.६९ आहे हे खरं, पण त्या वाक्याने मुलांच्या डोक्यात कापसाचा बोळा बसतो. शनीच्या आतही धातूरूप हायड्रोजन आहे, आणि कड्यांमध्ये उठणाऱ्या लहरींवरून २०२१ मध्ये काढलेल्या हिशोबाप्रमाणे त्याचा विरविरीत गाभा अर्ध्याहून जास्त त्रिज्येपर्यंत पसरलेला आहे. शिवाय तिथे हेलियमचा पाऊस पडतो. ठरावीक दाबाखाली हेलियम हायड्रोजनमध्ये मिसळून राहत नाही, तेलपाण्यासारखा वेगळा होऊन थेंबाथेंबाने खाली जातो आणि जाताना उष्णता सोडतो. शनी सूर्याकडून घेतो त्याच्या जवळजवळ दुप्पट उष्णता बाहेर टाकतो त्यामागे हे एक कारण आहे. गुरूतही असा पाऊस असावा. पुरावा मजेदार आहे: कुपीला गुरूच्या वरच्या थरात निऑन अपेक्षेच्या फक्त दहाव्या हिश्शाइतका सापडला. निऑन हेलियमच्या थेंबांत विरघळतो. थेंब खाली गेले, निऑनला घेऊन गेले.

युरेनस आणि नेपच्यून या दोघांना वेगळ्या पंक्तीत बसवायला हवं. त्यांच्यात हायड्रोजन-हेलियम वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नसावा. बाकी पाणी-अमोनिया-मिथेनचा तो ‘बर्फ’, आणि खडक. हा बर्फ दाट, तापलेला, वीज वाहणारा द्रव आहे. खूप खोलवर त्यातलं पाणी बहुधा एका विचित्र रूपात जातं: ऑक्सिजनचे अणू जागच्या जागी रांगेत उभे, आणि हायड्रोजन त्यांच्यामधून वाहतोय. प्रयोगशाळेत लेसरच्या तडाख्याने असं पाणी करून बघितलंय. या दोन ग्रहांकडे आजवर एकच यान गेलं, व्हॉयेजर २, १९८६ आणि १९८९ मध्ये, आणि तेही न थांबता. युरेनसच्या ढगांत हायड्रोजन सल्फाइड आहे हे २०१८ मध्ये प्रकाशाच्या पृथक्करणातून कळलं. ओहोटीच्या वेळी खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीच्या, बांधावर उभं राहिलं की चिखलातून जो कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो हाच. एवढा दूरचा ग्रह, आणि वास रायबंदरचा.

आता ठिपके, म्हणजे गुरूचे चार मोठे चंद्र. ते बर्फाचे कशावरून?

त्या रात्री देवळाशेजारच्या भाटात फेणीची भट्टी पेटलेली होती, आठवतं? वासामुळे अर्धी रांग तिकडेच बघत होती. भट्टीवाला फेणी चाखून बघत नाही, चाखत बसला तर हंगाम कसा काढणार. तो काचेची नळी फेणीत सोडतो आणि ग्राव, म्हणजे कडकपणाचा आकडा, वाचतो. स्पिरिट पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून माल जितका कडक तितकी नळी खोल जाते. म्हणजे फक्त घनतेवरून त्याला आत काय किती आहे ते कळतं. आपण चंद्रांचं तेच करतो. यान जवळून जाताना किती ओढलं जातं यावरून वजन, छायाचित्रांवरून आकार. भागाकार केला की घनता. पाण्याला १ धरलं तर, गुरूच्या सर्वांत जवळच्यापासून क्रमाने, आयो ३.५३, युरोपा ३.०१, गॅनिमीड १.९४, कॅलिस्टो १.८३.

गॅनिमीडचा हिशोब हाताने करून बघ. त्याचा शंभर किलोचा तुकडा घे. खडक-लोखंडाच्या मिश्रणाची घनता ३.५ धरू, आतल्या दाबाने दाबलेल्या बर्फाची १.२५. पंचेचाळीस किलो बर्फ असेल तर तो ३६ लिटर जागा घेईल. पंचावन्न किलो खडक पावणेसोळा लिटर. एकूण पावणेबावन्न. शंभराला त्याने भाग: १.९३. बसलं! म्हणजे बुध ग्रहापेक्षाही मोठा असलेला हा चंद्र निम्म्याच्या आसपास पाणीच आहे. पृष्ठभागावर पाण्याचा बर्फ आहे हे त्याच्यावरून परतणाऱ्या अवरक्त प्रकाशातल्या खुणांवरून १९७० च्या दशकातच पक्कं झालं होतं. घनतेने सांगितलं की बर्फ वरवरचा पापुद्रा नाही.

आता ते चार आकडे पुन्हा क्रमाने वाच. गुरूपासून जसजसं लांब जावं तसतशी घनता उतरते. हा योगायोग नाही. भट्टीत भाणातून, म्हणजे उकळत्या भांड्यातून, निघालेली वाफ लावणीत, म्हणजे माल गोळा होणाऱ्या मडक्यात, येऊन निवते, तेव्हाच थेंब पडतात. लावणीवर गार पाणी ओतत राहिलं नाही तर माल हवेत जातो. सूर्यमालेच्या ढगातही तेच झालं, फक्त तिथे दाब इतका कमी की पाण्याची वाफ थेट बर्फच व्हायची, उणे शंभर-सव्वाशे अंशांच्या आसपास. ही हद्द सूर्यापासून पृथ्वीच्या अंतराच्या साधारण अडीच ते तीन पटींवर होती. तिच्या आत फक्त खडक घट्ट होऊ शकला, म्हणून पृथ्वी, मंगळ लहान राहिले. तिच्या पलीकडे बर्फही माल म्हणून मिळाला, गोळे भराभर मोठे झाले आणि त्यांनी हायड्रोजन-हेलियम ओढून घेतला. गुरूभोवती पुन्हा तशीच छोटी भट्टी लागली. तरुण गुरू चांगलाच तापलेला होता. त्याच्याजवळ आयोच्या वाट्याला खडक आला, युरोपाला वजनाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी पाणी, आणि लांबच्या दोघांना भरपूर बर्फ. एवढ्या गरम गोळ्याभोवती बर्फ कसा, या तुझ्या शंकेचं उत्तर यातच आलं: जवळ राहिला नाही, लांब राहिला.

मग युरोपाच्या बर्फाखालचं पाणी द्रव कसं? सूर्य तिथे पृथ्वीच्या मानाने पंचविसावा-सत्ताविसावा हिस्साच तापवतो, आणि पृष्ठभाग विषुववृत्तावरही उणे १६० अंश. ऊब येते भरती-ओहोटीतून. मांडवीचं पाणी उधाणाला दोनेक मीटर चढतं, त्याने मानशीची, म्हणजे खाजनाच्या बांधातल्या झडपेची, दारं आपोआप मिटतात नि उघडतात. आपला छोटासा चंद्र एवढं काम करतो; गुरू त्याच्या चंद्रांचं काय करत असेल? युरोपाचं अख्खं कवच दर साडेतीन दिवसांनी तीसेक मीटर वर-खाली होतं. आयोचा तर खडक शंभर मीटरपर्यंत फुगतो. लोखंडी तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवून तिथे बोट लावून बघ, चटका बसतो. तसा हा चटका.

पण असं वाकवणं कधीच थांबायला हवं होतं, कारण चंद्राची कक्षा हळूहळू गोल होते आणि ताण एकसारखा होतो. ते होऊ देत नाही ती या तिघांची लय. गॅनिमीडची एक फेरी होते तेवढ्यात युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार. तू भजनाला बसतेस, तुला सांगायला नको: एकाची ठाय, एकाची दुगुन, एकाची चौगुन. दर समेवर ते एकमेकांना तोच ठरावीक धक्का देतात आणि कक्षा लंबगोल ठेवतात. पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या तिघांनी हे गणित मांडून सांगितलं की आयो आतून वितळलेला असणार. लेख छापून आला २ मार्च १९७९ ला. ५ मार्चला व्हॉयेजर १ आयोजवळून गेलं. ८ मार्चला लिंडा मोराबिटो या अभियंतीला एका छायाचित्रात आयोच्या कडेवर छत्रीसारखा धूसर फुगवटा दिसला. ज्वालामुखी! भाकीत आणि प्रचिती यांच्यात आठवडाही गेला नाही. माझ्या माहितीत इतकं देखणं दुसरं उदाहरण नाही.

युरोपावरच्या समुद्राचा पुरावा चुंबकाने दिला, तो मघाचा गुरूचा चुंबक. त्याचा अक्ष थोडा कलता आहे, त्यामुळे युरोपाला साधारण दर अकरा तासांनी त्याची दिशा बदललेली जाणवते. बदलत्या चुंबकक्षेत्रात वीजवाहक असेल तर त्यात प्रवाह निर्माण होतो आणि त्याचं उलटं चुंबकक्षेत्र उठतं, तुमच्या बारावीच्या पुस्तकातला लेंझचा नियम. गॅलिलिओ यानाला नेमकं तेच मिळालं. गोडा बर्फ एवढी वीज वाहत नाही. खारं पाणीच हवं. पाण्या-बर्फाचा थर मिळून शंभरेक किलोमीटर, आणि एकूण पाणी पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या दुप्पट.

मीठ कोणतं? युरोपाच्या काही भागांवर पिवळसर झाक आहे. आगरवाड्याच्या मिठागरात मिठाचे पांढरेशुभ्र ढीग तू पाहिले असशील. हेच मीठ निर्वात कोठीत, युरोपाइतक्या थंडीत ठेवून त्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा केला तर ते पिवळं पडतं. २०१९ मध्ये हबल दुर्बिणीतून युरोपाच्या त्या पिवळ्या भागाचा प्रकाश तपासला, आणि किरणांनी भाजलेल्या साध्या मिठाचीच खूण सापडली. युरोपा क्लिपर यान १४ ऑक्टोबर २०२४ ला निघालंय, २०३० च्या एप्रिलमध्ये तिथे पोचेल. युरोपीय अवकाश संस्थेचं ज्यूस यान त्याआधीच, एप्रिल २०२३ मध्ये निघालं. ते २०३१ ला गुरूजवळ पोचेल आणि पुढे गॅनिमीडभोवती फिरायला लागेल. तेव्हा तुझं शिक्षण संपलेलं असेल, बघ काही जमतंय का.

शनीकडे दोनच चंद्रांपाशी थांबतो. एन्सेलाडस जेमतेम पाचशे किलोमीटर व्यासाचा, गोव्याच्या किनारपट्टीच्या पाचपटीला थोडा कमी. एवढासा चंद्र केव्हाच थिजून दगड व्हायला हवा होता. पण २००५ मध्ये शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानाने त्याच्या दक्षिण ध्रुवावरच्या भेगांतून फवारे उडताना पाहिले आणि नंतर त्या फवाऱ्यांतूनच ते यान गेलं. पाण्याची वाफ, मीठ, वाळूचे अतिसूक्ष्म कण, हायड्रोजन, आणि २०२३ मध्ये जुन्या नोंदी चाळताना फॉस्फेटही. वाळूचे असे कण खडकाशी गरम पाणी खेळतं तेव्हाच बनतात. इंधन संपत आलं तेव्हा १५ सप्टेंबर २०१७ ला कॅसिनीला मुद्दाम शनीत जाळलं; पृथ्वीवरचा एखादा चिवट जंतू चुकून या पाण्यात जाऊ नये म्हणून.

टायटनवर बर्फ खडक झालाय ते डोळ्यांनी दिसतं. १४ जानेवारी २००५ ला हायगेन्स कुपी तिथे उतरली. तिच्या छायाचित्रात नदीपात्रातल्यासारखे गुळगुळीत गोटे आहेत. ते पाण्याच्या बर्फाचे. त्यांना घासून गोल करणारा प्रवाह द्रव मिथेनचा, कारण तापमान उणे १८०. हवा आपल्या दीडपट दाबाची, मुख्यतः नायट्रोजनची. पाऊस पडतो, ओहोळ वाहतात, तळी साचतात, सगळं म्हादईच्या खोऱ्यासारखं. फक्त पाण्याच्या जागी मिथेन आणि जांभ्याच्या जागी पाणी.

राहिला तुझ्या भावाचा प्रश्न, जो खरं तर मला सर्वांत अवघड गेला. जत्रेतला गोळा डोळ्यांसमोर ठेवून त्याने विचारलं असणार. युरोपाचा बर्फ त्याला देऊ नकोस: मीठ तर आहेच, वर गंधकाम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे जखम धुवायचं औषध. शिवाय तिथे उभं राहिलं तर गुरूच्या चुंबकात अडकलेल्या किरणांनी एका दिवसात माणूस संपेल. एन्सेलाडसचा बर्फ दिसायला सर्वांत शुभ्र, सूर्यमालेत त्याच्याइतकं चकचकीत दुसरं काही नाही, पण फवाऱ्यांत अमोनिया आणि थोडं सायनाइडही आहे. टायटनचा गोटा मिथेनने माखलेला. त्यातल्या त्यात कॅलिस्टो बरा. तो गुरूपासून इतका लांब की किरणांचा मारा अगदी थोडा, आणि बर्फ चार अब्ज वर्षं जवळजवळ हललेला नाही. वरची काळी धूळ खरवडावी लागेल, आणि जिभेला चिकटू नये म्हणून आधी शंभराहून जास्त अंशांनी तापवावा लागेल. कोकमाचं सरबत मात्र त्याने घरून न्यावं.